मोठी माय आणि माझी भरती

मोठ्या मायला दवाखाना आवडायचा. कोणाला जत्रा आवडते, कोणाला लग्नाची पंगत, तसा तिला दवाखाना. स्वतःसाठी नाही हं. स्वतःला ताप आला तर ती "आज ऊनच जास्त हाय" म्हणायची आणि वांगी तोडायला वावरात निघून जायची. तिला आवडायचं ते दुसऱ्याला पाहायला जाणं. गावातलं कोणी भरती झालं अशी खबर आली की तिच्या चेहऱ्यावर आधी खरीखुरी काळजी उमटायची आणि तिच्या मागोमाग, कितीही दाबली तरी न दबणारी, निघायची घाई.

आमच्या वऱ्हाडात माणूस दवाखान्यात दाखल होत नाही, भरती होतो. बरा झाला की त्याला डिस्चार्ज मिळत नाही, सुट्टी होते. हे दोन शब्द ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यांनीच केला आहे.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिकडे पुण्याला काकू म्हणतात. हिला कोणी काकू म्हटलं असतं तर हिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नसतं. बार्शीटाकळीच्या अलीकडे आमचं गाव, काळ्या रानात भाजीपाला, आणि दोन भावांची घरं एकाच आंगणात. वांगी, मिरची, सांभार (बाहेरचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात) हे सगळं पहाटे छोट्या हत्तीत भरून अकोल्याच्या बाजारात जायचं. छोटा हत्ती म्हणजे आमचा टेम्पो. बाजार उठला की त्याच टेम्पोच्या हौद्यात उरलेल्या सांभाराच्या जुड्यांवर बसून मोठी माय सरकारी दवाखान्यात जायची. कोणीतरी भरती असायचंच. नसलं तर ती शोधायची.

"माये दोन मायेरं," असं ती सांगायची. "एक मोर्शी, एक सरकारी दवाखाना." मोर्शी खरं माहेर, तिथं भावाची संत्र्याची बाग. पण जाणं जास्त व्हायचं ते दुसऱ्या माहेरी. तिथल्या आवारात एक मोठा कडूलिंब होता. त्याखाली पेशंटची माणसं चूल मांडायची, कपडे वाळत घालायची, भांडायची, सोयरीक जुळवायची. मोठ्या मायनं त्या लिंबाखाली जमवलेल्या दोन सोयरिकी आजही नांदताहेत. एकीत तर नवरदेवाचा पाय प्लास्टरमध्ये होता. पळून जायची भीती नाही, असं तिनं मुलीच्या बापाला समजावलं होतं.

तिथले डॉक्टर खेकसायचे, सिस्टर ओरडायच्या, आणि मोठ्या मायला त्याचंच समाधान. घरचं माणूसच बोंबलते, असं तिचं म्हणणं. प्रायव्हेटमध्ये जी-जी करून गोड बोलतात, आणि गोड बोलणं तर पाव्हण्याशी असतं. म्हणून प्रायव्हेट दवाखान्याला तिनं नाव ठेवलं होतं सासर. "सासरी पाय पसरून बसता येत नाई, मोठ्यानं बोलता येत नाई, आन कवा कोण तोंड वाकडं करीन सांगता येत नाई." त्या सासरी आपण कधी पाऊल ठेवणार नाही, हे तिनं चारचौघांत इतक्या वेळा सांगितलं होतं की आमच्या गावात ती एक शपथच झाली होती.

तिचा आवाज मोठा होता. मोठा म्हणजे, ती वॉर्डात शिरली की कोपऱ्यातलं झोपलेलं माणूस बरं होऊन उठायचं. एकाला पाहायला आलेली बाई सगळ्या खाटा फिरून यायची. खाटेवर बसायची, काय झालं ते पूर्ण ऐकून घ्यायची, आणि मग म्हणायची, "अव, आमच्या मोर्शीच्या एकाले अस्संच झाल्तं. आता थो बैलाच्या पुढं पळते." पोटातली गाठ असो, साप चावलेला असो, मोर्शीच्या कोणाला तरी ते होऊन गेलेलं असायचं आणि तो आता कशाच्या तरी पुढे पळत असायचा. लहानपणी मला वाटायचं, मोर्शी हे फार धोक्याचं गाव आहे. पुढे तिच्या भावाकडे गेले तेव्हा मी त्या पळणाऱ्या माणसांची चौकशी केली. मामा म्हणाले, असं कोणी नाही इथं. तुझी मोठी माय लहानपणापासून अशीच.

एकदा शेजारच्या ज्ञानदेवभाऊंचं ऑपरेशन होतं. मोठ्या मायनं नवस बोलला की ऑपरेशन नीट झालं तर रोडगे करीन. नवस कुठल्या देवाला बोलला ते तिनं सांगितलं नाही, पण नीट झाल्याची खबर वरून खाली येताच तिनं तिथंच, लिंबाखाली, गोवऱ्या पेटवल्या. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. सोबत वांग्याची भाजी. धूर सरळ बायकांच्या वॉर्डात. सिस्टर जिन्यावरून ओरडतच खाली आल्या. हा दवाखाना आहे का भंडारा, असं त्यांनी विचारलं. मोठ्या मायनं उत्तर न देता एक रोडगा फोडला, त्यात तुपाची धार सोडली आणि पुढे केला. सिस्टर आणखी थोडा वेळ ओरडल्या, पण तोंडात घास ठेवून.

आता माझं. दोन्ही घरांत मिळून पहिली पदवीधर मी. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. ज्यांच्या घरी आजोबासुद्धा ग्रॅज्युएट होते त्यांना यात काय विशेष वाटणार नाही, आम्हाला वाटतं. अमरावतीला वसतिगृहात राहून मी बीएस्सी केलं. रिझल्ट लागला त्या दिवसापासून मोठ्या मायनं माझं नाव बदललं. कल्पनाची झाले "आमची बीएस्सी". वॉर्डातल्या खाटाखाटांवर मला हाताला धरून नेऊन दाखवायची. "बीएस्सी म्हंजे डाक्टरच, नुसती सुई टोचत नाई," असा खुलासाही करायची. मी लाजायचे. आतून मात्र मला हवं असायचं तिनं पुढच्या खाटेवरही सांगावं.

तेवढ्यात तिच्या माहेराचा रंग बदलू लागला. लिंब होता, पण त्याखाली आता चूल मांडायची बंदी. दारावर गार्ड आला, तो कुठल्याशा एजन्सीचा. तपासणीचं मोठं मशीन आलं, चांगलं आलं, पण त्याच्या खिडकीत बसलेला पोरगा म्हणायचा मी दवाखान्याचा नाही, कंपनीचा. सफाईवाल्या बाया ठेकेदाराच्या. मोठ्या मायला ओळखणारी एक आया तेवढी उरली होती, तीही रिटायर झाली. घरी येऊन मोठी माय आंगणात बसली आणि म्हणाली, "मायेरात भाडेकरू घुसले व माय."

त्याच सुमारास सरकारी योजनेची कार्डं आली. कार्ड असलं की मोठी ऑपरेशनं प्रायव्हेट दवाखान्यातही फुकट, पैसे सरकार भरणार. मी बीएस्सी होऊन घरीच होते, म्हणून मी सगळ्या गावाला गोळा करून कार्डं काढून दिली. फार चांगली गोष्ट आहे, हे मी आवाज चढवून समजावत होते, आणि ती आहेच चांगली गोष्ट. मोठ्या मायनं सगळं ऐकलं, स्वतःचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "पहिले सरकार सोता रांधून वाढे. आता मेसचा पास देते." कार्ड तिनं कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं. ती पिशवी ती दवाखान्यात कायम बरोबर न्यायची, लोकांना कागद कोणते लागतात ते दाखवायला. तिचं स्वतःचं कार्ड नमुन्यापुरतं होतं.

मग एके दिवशी ती धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसलेली दिसली. वांग्याचं टोपलं शेजारी, हात छातीवर. विचारलं तर म्हणाली, ऊन जास्त हाय. ढग होते. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच, आंगणातून ओसरीवर चढताना. मी तिला तिच्याच माहेरी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, ईसीजीची पट्टी काढली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाकडं जाणारी नळी तुंबली असावी. आत तार घालून पाहावं लागेल, ते इथं होत नाही. कार्ड आहे, योजनेतल्या प्रायव्हेट दवाखान्यात न्या, आणि उशीर करू नका. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

मोठी माय टेम्पोत बसेपर्यंत गप्प होती. तिला गप्प पाहून ड्रायव्हर घाबरला. मग ती म्हणाली, "मायेरानं चिठ्ठी देऊन लोकाच्या घरी धाडलं."

त्यानंतर महिनाभर आम्ही सगळे तिच्या मागं लागलो. बाबा बोलले, माझी माय रडली. मोठे बाबा, म्हणजे तिचा नवरा, रागानं बोलायचे बंद झाले. ते मुळातच इतकं कमी बोलायचे की तिच्या ते लक्षातच आलं नाही. मी तर विनवण्या करून, डॉक्टर काय म्हणाले ते चित्र काढून दाखवून थकले. ती एकच म्हणायची, मी सासरी जात नाही. रात्री तिचा श्वास आंगण ओलांडून आम्हाला ऐकू यायचा आणि सकाळी ती पुन्हा वांग्यांत. दवाखान्यात न नेताच ती हातची जाईल, असं वाटून मी रात्री उठून तिच्या ओसरीवर पाहून यायचे.

याच दिवसांत मी नोकरीच्या मागेही होते. आरोग्यमित्राच्या जागांची भरती निघाली होती. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात एक टेबल असतं. तिथं बसून पेशंटचे कागद बघायचे, सरकारकडून मंजुरी मिळवायची, कोणाला अडलं तर मदत करायची, असं ते काम. घरात रोज तोच विषय: भरतीचा फॉर्म, भरतीचा इंटरव्ह्यू, भरतीचं काय झालं. आणि झालं. अमरावतीच्या एका प्रायव्हेट दवाखान्यात मला नेमलं, ताबडतोब हजर व्हा म्हणाले. मी बडनेऱ्याला उतरून ऑटो धरला, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून पहिला फोन मोठ्या मायला केला. ती वावरात होती, वारं सुटलं होतं, रेंज येत-जात होती.

"मोठी माय," मी ओरडून सांगितलं, "झाली भरती. अमरावतीले, मोठ्या दवाखान्यात."

फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. संध्याकाळी सविस्तर सांगू म्हणून मी आत गेले, आणि कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायचा नियम असल्यानं ठेवून दिला.

तिकडे काय झालं ते मला नंतर निरनिराळ्या तोंडांतून कळलं. मोठ्या मायनं वावरातूनच हाक फोडली की कल्पी भरती झाली. ही बातमी वावरातून आंगणात येईपर्यंत मला ताप चढला होता, आंगणातून पारावर जाईपर्यंत डेंगू झाला होता, आणि पारावरून परत आली तेव्हा ऑटोनं उडवलं होतं. फोन लागत नव्हता, म्हणजे नक्कीच बेशुद्ध. बाजारातून टेम्पो नुकताच परतला होता. त्यातल्या टोपल्या उतरवायलाही कोणी थांबलं नाही. माझी माय रडत, बाबा सुन्न, मोठे बाबा फेटा बांधत, ज्ञानदेवभाऊ, त्यांची बायको, आणखी कोण कोण, आणि या सगळ्यांना हौद्यात चढवत, कोणाला पाण्याची कॅन, कोणाला सतरंजी देत, मोठी माय. सासरी जात नाही ही तिची शपथ तिच्या स्वतःच्याही लक्षात राहिली नव्हती. लेकरू भरती होतं, पाहायला जायचं होतं.

मी माझ्या टेबलाशी, नव्या इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, गळ्यात ओळखपत्र घालून कॉम्प्युटर शिकत होते. दुपारचं जेवण होऊन थोडाच वेळ झाला होता. काचेच्या दाराबाहेर भाजीचा टेम्पो उभा राहिला, एवढं मला दिसलं. कॅन्टीनचा माल आला असेल, असं वाटलं.

दारावरचा गार्ड बडनेऱ्याचा, मिशीवाला, चांगला माणूस. त्यानं हात आडवा केला. पेशंटचं नाव विचारलं. नाव सांगितलं. कोणत्या वॉर्डात, असं विचारलं. मोठी माय म्हणाली, "बीएस्सी."

गार्डनं विचार केला. "मावशी, इथी आयसीयू हाय. एनआयसीयू हाय. बीएस्सी वॉर्ड नाई इथी."

"वॉर्ड नाई बाप्पा, पोरगी बीएस्सी हाय."

गार्ड म्हणाला की पोरगी काहीही असो, आत दोनच माणसं जातील. त्याच क्षणी कोणीतरी जवळ सरकलं आणि ते काचेचं दार आपोआप उघडलं. मोठ्या मायनं दाराकडं पाहिलं, मग गार्डकडं. "दार सोताहून उघडून राह्यलं, मंग तू काहून आडवून राह्यला?" गार्डनं नंतर मला सांगितलं, की मॅडम, याचं उत्तर मी अजून शोधून राह्यलो.

माझ्या टेबलासमोरून ती गेली. अगदी दोन हातांवरून. पण ती मला खाटांवर शोधत होती, खुर्चीवर नाही. मी वाकून खालची वायर बघत होते. वर पाहिलं तोवर लुगड्याचा काठ जिन्यात दिसेनासा झाला होता. लिफ्टवर तिचा विश्वास नव्हता. मग वरून, कोणत्या तरी मजल्यावरून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा आवाज आला: "कल्पेऽ, कुठी हाय व?"

मी धावले. माझी माय, बाबा, मोठे बाबा जिन्यातच भेटले. मायनं मला चाचपून पाहिलं, हातपाय मोजल्यासारखे दाबले आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. आम्ही सगळे वर पोचलो तर मोठी माय जनरल वॉर्डात एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खाटेवर बसली होती. शोधता शोधता दम लागला म्हणून टेकली होती, आणि टेकलीच आहे तर म्हणून त्याला सांगत होती की मोर्शीच्या एकाले अस्संच झाल्तं.

मला पाहून ती ताठ झाली. "अव, तू उठून काहून फिरून राह्यली? सलाईन कुठी हाय तुयी?"

मी सांगितलं. भरती म्हणजे तशी भरती नाही, नोकरीची भरती. टेम्पोतून आलेल्या सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ज्ञानदेवभाऊंच्या बायकोनं हातातली नारळपाण्याची शहाळी हळूच मागं लपवली. आणि मोठी माय हसायला लागली. असं हसली की तो खाटेवरचा म्हातारा हसला, सिस्टर हसली, माझी माय रडता रडता हसली. हसता हसता मोठ्या मायचा हात छातीवर गेला, कपाळाला घाम फुटला, आणि हसू तोंडावर असतानाच ती आडवी झाली.

डॉक्टर धावत आले. पेशंट कोण, असं त्यांनी विचारलं. मोठ्या मायनं बोट माझ्याकडं केलं. "हे. हे भरती हाय."

"ही आमची आरोग्यमित्र आहे," डॉक्टर म्हणाले.

"मित्र काहून, पोरगी हाय थे," ती पुटपुटली.

पट्टी काढली. डॉक्टरांनी मला तेच सांगितलं जे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, फक्त आता उशीर करू नका असं नाही म्हणाले. आत्ता, असं म्हणाले. आणि मोठी माय त्या चाकाच्या खाटेवर उठून बसायला लागली. मी पाहाले आलती, भरती व्हाले नाई. टेम्पो लावा. मोठे बाबा तिच्या उशाशी उभे राहून नुसता फेटा सोडत-बांधत होते. जबरदस्ती कोणी कशी करणार? तिच्या होकाराशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणाले, "मोठी माय, हे तुयं सासर नाई. माह्यं हाय. आजच आली मी इथी. तू पोरीच्या सासरी आली हायेस."

ती थांबली. छातीत कळ, तोंडावर घाम, आणि ती रीत तपासत होती. मग म्हणाली, "पोरीच्या सासरचं माय पाणी पेत नसते."

"मायले नाई चालत. मोठ्या मायले चालते."

तिनं मान वळवून माझ्या आईला विचारलं, "चालते का व?" माझी माय, जिनं आयुष्यात आपल्या जावेला उलट शब्द बोलला नव्हता, ती डोळे पुसून ठामपणे म्हणाली, चालते. अशी काही रीत असल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, मायनंही ऐकलं नसावं. पण दोघींनी ती तिथंच मंजूर केली. मोठ्या मायनं सही केली, आणि नमुन्याच्या पिशवीतून नमुन्याचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

सकाळी शिकलेलं काम दुपारी माझ्याच माणसावर करायची वेळ आली. तिचं नाव मी दोनदा चुकीचं टाइप केलं. मंजुरीचा फोन लावला, पलीकडच्या माणसाला माझा आवाज ऐकून वाटलं मीच पेशंट आहे. मंजुरी आली. खाट आत ढकलली जात होती तेव्हा मी सोबत चालत होते. चालता चालता म्हणाले, मोठी माय, मोर्शीच्या एकीला अस्संच झालं होतं, आता ती बैलाच्या पुढं पळते.

"खोटं बोलते," ती म्हणाली. "मोर्शीत असं कोणी नाई. मी सांगतो न." आणि दार लागलं.

बाहेर सगळं गाव पार्किंगमध्ये टेम्पोभोवती बसलं होतं. तिथं लिंब नव्हता, टेम्पोची सावली होती. मोठे बाबा गार्डशी बोलत होते. जन्मात न बोललेलं सगळं त्या दिवशी त्यांनी गार्डला सांगितलं असावं, कारण डॉक्टर बाहेर येऊन स्प्रिंग बसली, नळी मोकळी झाली असं म्हणाले तेव्हा गार्डनं डोळे पुसले.

आयसीयूत तिला पाहायला एकेकालाच सोडायचे, यावर तिची फार तक्रार होती. इथं माणसाला एकटं ठेवतात, म्हणून घरी पळायच्या घाईनं लोक लवकर बरे होतात, असं तिचं निदान. एका दुपारी तिनं मला विचारलं की तू सरकारची का पायवेटची. मी खरं ते सांगितलं: काम सरकारी योजनेचं, पगार एका कंपनीकडून, टेबल प्रायव्हेट दवाखान्यात. तिनं ते बोटांवर मोजून पाहिलं. "म्हंजे मेस दुसऱ्याची," ती म्हणाली, "वाढणारी आपली. मंग जमते."

निघायच्या दिवशी लुगडं बदलून, वेणी घालून ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. मले सुट्टी झाली, तुले कवा, असं विचारू लागली. मी म्हणाले, मला कसली सुट्टी, मी नोकरीला आहे. तिनं टेबलावरच्या माझ्या हातावर हात ठेवला. पुढची वाक्यं तिनं तिच्या मानानं फार हळू आवाजात म्हटली, म्हणजे रिसेप्शनपर्यंतच ऐकू गेली.

"तू भरतीच राय. आपलं कोणी तरी अंदर पायजे."

नवस तिनं ऑपरेशनच्या दारातच बोलला होता. पार्किंगमध्ये गोवऱ्या पेटवायला गार्डनं हात जोडून नकार दिला, तेव्हा ती गावाहून टेम्पोभर रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन पुन्हा आली. डॉक्टरांनी, सिस्टरांनी, जनरल वॉर्डातल्या नातेवाइकांनी खाल्लं. गार्डनं सगळ्यात जास्त. त्यानंतर ती महिन्यातून एकदा तरी यायची, तपासणीला म्हणून, आणि आली की खाटाखाटांवरून फिरायची. बसली की पाय पसरूनच बसायची. कोणी काही म्हटलं की सांगायची, पोरीचं सासर हाय. अकोल्याचं जाणंही तिनं सोडलं नाही. तिथल्या भाडेकरूंशीही तिची आता ओळख झाली होती. मशीनवाल्या पोराची सोयरीक ती बघत होती.

मोठी माय गेली ती मोर्शीला. भावाच्या नातवाचं बारसं होतं. पोटभर जेवली, संत्र्याच्या झाडाखाली बाज टाकून पडली, कोणाला तरी मोठ्यानं काहीतरी सांगत होती, आणि मध्येच गप्प झाली. ती मध्येच गप्प झाली म्हणूनच सगळे धावले. जिला दवाखाना एवढा आवडायचा, तिला शेवटी एकही लागला नाही.

फोन आल्यावर साहेबांना सांगून मी दवाखान्यातून निघाले तेव्हा दारात गार्डभाऊनं विचारलं, मॅडम, सुट्टी झाली का? मी म्हणाले, मोठ्या मायला झाली. तो दार धरून उभा राहिला. ते आपोआप उघडणारं दार, पण त्यानं ते हातानं धरून ठेवलं.

आता माझ्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी येऊन त्या थंडगार स्टीलच्या खुर्चीच्या टोकावर बसतं, पाय जवळ घेऊन, हळू आवाजात, पाहुण्यासारखं. मी कागद नंतर मागते. आधी विचारते, जेवले का जी. मग काय झालं ते सगळं ऐकून घेते, आणि माझ्या नकळत माझ्या तोंडून निघतं की आमच्या मोर्शीच्या एकीला अस्संच झालं होतं. आता ते खोटंही नाही.

गावी गेले की पारावरची माणसं अजून हसून विचारतात, काय व बीएस्सी, सुट्टी झाली का भरतीच हाय?

मी सांगते, भरतीच हाय.